माउसला न घाबरणारी मुलगी

कर्सर भिंगाच्या आकाराचा. तो खोलीभर फिरवायचा, टेबलाच्या खणावर नेल्यावर लाल झाला की क्लिक करायचं. आत चिठ्ठी सापडते, चिठ्ठीत अर्धाच पत्ता. मग संशयितांना जाऊन प्रश्न विचारायचे, अडलं की मैत्रिणींना फोन लावायचा. नॅन्सी ड्रू या पुस्तकांतल्या किशोरवयीन मुलगी-डिटेक्टिव्हवरचे ‘हर इंटरॅक्टिव्ह’ या अमेरिकी कंपनीचे कॉम्प्युटर खेळ १९९८ पासून साधारण याच रीतीने चालत आले आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलींसाठी काढलेली ही मालिका इतकी वर्षं कशी टिकली हे समजून घ्यायला दोन वेगवेगळे धागे मागे न्यावे लागतात. एक पुस्तकांचा, दुसरा माउसचा.

पुस्तकांचा धागा १९३० पर्यंत जातो. एडवर्ड स्ट्रेटमायर हा गृहस्थ मुलांच्या कादंबऱ्यांचा जवळजवळ कारखानाच चालवायचा. कथानकाचा आराखडा तो द्यायचा, पुस्तक लिहायचा दुसराच कुणी आणि मुखपृष्ठावर तिसरंच बनावट नाव. नॅन्सीची पुस्तकं ‘कॅरोलिन कीन’ या नावाने निघाली. अशी कुणी बाई नव्हतीच. सुरुवातीची पुस्तकं लिहिली मिल्ड्रेड वर्ट या आयोवाच्या तरुण पत्रकार मुलीने, पुस्तकामागे १२५ डॉलर घेऊन आणि सगळे हक्क सोडून. पहिली तीन पुस्तकं एप्रिलच्या अखेरीस बाजारात आली आणि १० मे रोजी स्ट्रेटमायर वारला. ती किती खपतात हे त्याला कळलंच नाही. कारखाना पुढे त्याच्या मुलींनी चालवला. मिल्ड्रेडचं नाव १९८० मध्ये प्रकाशकांच्या एका कोर्टकज्ज्यात जाहीरपणे पुढे आलं. रहस्यकथांच्या लेखिकेचं रहस्य पन्नास वर्षं टिकावं, हे तसं शोभूनच दिसतं.

आता माउसचा धागा. १९८० मध्ये रोबर्टा विल्यम्सने घरातल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एका खुनाच्या गोष्टीचा खेळ आखला आणि तिचा नवरा केन याने त्याचा प्रोग्रॅम लिहिला. ‘मिस्ट्री हाउस’ हे त्याचं नाव. त्यात साध्या रेघांची सुमारे सत्तर चित्रं होती. चित्रं असलेल्या साहसखेळांची सुरुवात इथे होते. म्हणजे हा प्रकार पहिल्या दिवसापासून गुन्ह्याचा शोध घेणारा होता आणि तो एका बाईने सुरू केला. पुढे वर्षानुवर्षं ‘मुली खेळत नाहीत’ असं सांगणाऱ्यांना याचा सोयीस्कर विसर पडला होता.

पण ‘मिस्ट्री हाउस’मध्ये आज्ञा टाइप कराव्या लागत. ‘दार उघड’ म्हणायला नेमका कोणता शब्द यंत्राला कळतो, हे हुडकण्यातच निम्मा वेळ जायचा. ॲपलच्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरबरोबर माउस घराघरांत पोचू लागल्यावर ही कटकट सुटली. १९८५ च्या ‘देजा व्हू’मध्ये स्मृती हरवलेला डिटेक्टिव्ह होता आणि खेळणारा वस्तूंवर सरळ क्लिक करत होता. १९८७ च्या ‘मॅनिअक मॅन्शन’ने क्रियापदांची यादीच पडद्याखाली मांडली. १९९३ मध्ये सीडीवर आलेल्या ‘मिस्ट’ने तीही काढून टाकली, नुसता एक हात आणि बघत राहायचं असं सुंदर बेट. मला वाटतं, डिटेक्टिव्ह गोष्टीला क्लिक करण्याचा खेळ इतका मानवतो तो म्हणूनच. दोन्हींत खरं काम नजरेचं असतं.

‘हर इंटरॅक्टिव्ह’चा जन्म मात्र भलत्याच घरात झाला. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीची ‘अमेरिकन लेझर गेम्स’ ही कंपनी ‘मॅड डॉग मॅक्री’सारखे काउबॉयवर गोळ्या झाडण्याचे आर्केड खेळ करायची. तिनेच मुलींसाठी हा विभाग काढला. १९९५ च्या पहिल्या खेळाचा विषय होता शाळेतल्या डान्सला कुणाबरोबर जायचं! वर्षभराने बार्बी बाहुली बनवणाऱ्या मॅटेल कंपनीचा बार्बीचे कपडे डिझाइन करण्याचा खेळ धडाक्यात खपला आणि मुलींना कपडेच हवेत अशी बाजाराची खात्री पटली.

या वातावरणात विभाग स्वतंत्र झाला, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूला गेला आणि त्याने नॅन्सीला हात घातला. ‘सीक्रेट्स कॅन किल’ हा पहिला खेळ १९९८ मध्ये आला. जुन्या पुस्तकांत खून जवळजवळ नसायचेच. हा खेळ मात्र किशोरवयीनांसाठीच्या १९८६ च्या नव्या पुस्तकमालिकेतून घेतलेला, त्यामुळे सुरुवातच फ्लोरिडातल्या एका शाळेतल्या मुलाच्या खुनाने. पुढच्या बहुतेक खेळांत चोरी, घातपात, गुप्त खजिना असा सौम्य ऐवज आहे. दुकानांपर्यंत माल नेणारे प्रकाशक तयार होईनात, तेव्हा ॲमेझॉनवरच्या विक्रीचा आधार झाला. ‘माउसला न घाबरणाऱ्या मुलींसाठी’ हे त्यांचं घोषवाक्य. मराठीत कोटी निम्मीच उरते, पण टोमणा कुणाला होता ते कळतं.

खेळांची घडण विचारपूर्वक होती. नॅन्सी स्वतः पडद्यावर दिसत नाही, कारण खेळणारी मुलगीच नॅन्सी. बहुतेक खेळांत ज्युनिअर आणि सीनिअर असे अवघडपणाचे दोन स्तर. चुकून लिफ्टच्या खड्ड्यात पडलात तर ‘सेकंड चान्स’चं बटण चुकीच्या क्षणाआधी नेऊन सोडतं. कित्येक साहसखेळ खेळणाऱ्याला मारण्यात धन्यता मानत, हे लक्षात घेतलं तर हा मोठा समजूतदारपणा होता.

नव्वदीच्या शेवटी साहसखेळ संपले असं सगळे म्हणत होते. त्याच काळात ही मालिका सुरू झाली आणि पुढे वर्षाला दोन-दोन खेळ काढत राहिली. वाचणाऱ्या मुली होत्या, आणि नॅन्सीची पुस्तकं वाचलेल्या त्यांच्या आया पैसे देत होत्या. आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या लायब्रऱ्यांतून ती पिवळ्या पुठ्ठ्याची इंग्रजी पुस्तकं भाड्याने आणून वाचलेल्या बायका भेटतात. त्यांच्यातल्या बहुतेकींना खेळांचा मात्र पत्ताच नसतो.

२०१५ चा ‘सी ऑफ डार्कनेस’ हा आइसलंडमध्ये घडणारा बत्तिसावा खेळ. तोवर नॅन्सीचा आवाज लानी मिनेला यांचाच होता. त्यानंतर गाडी अडली. नवं इंजिन (म्हणजे खेळ चालवणारं सॉफ्टवेअर), नवा आवाज आणि पुन:पुन्हा पुढे ढकललेली तारीख असं करत ‘मिडनाइट इन सेलम’ डिसेंबर २०१९ मध्ये आला, तेव्हा पहिल्या खेळाच्या वेळी दहा वर्षांच्या असलेल्या मुली तिशी ओलांडून बसल्या होत्या. त्यांनी तो विकत घेतला आणि मनसोक्त शिव्या घातल्या. पुढचा खेळ, प्रागमध्ये घडणारा, २०२४ मध्ये निघाला.