अखलाक

अखलाक : सदाचार, शील आणि नैतिक वर्तन यांसाठी इस्लामी परंपरेत रूढ असलेली संज्ञा. ‘खुलुक’ (स्वभाव, शील) या अरबी शब्दाचे हे अनेकवचन असून ‘खल्क’ (निर्मिती, घडण) हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे. डोळ्यांना दिसणारी घडण ती खल्क आणि अंतःकरणाची घडण ती खुलुक, असा भेद जुन्या अरबी कोशकारांनी केला आहे. कुराणात ‘खुलुक’ दोनच ठिकाणी येतो : 68:4 मध्ये मुहंमद पैगंबरांच्या थोर शीलाच्या संदर्भात आणि 26:137 मध्ये पूर्वजांच्या रीतीच्या संदर्भात. दुसऱ्या ठिकाणी काही पठणपरंपरा ‘खल्क’ असा पाठ घेतात. ‘अखलाक’ हे अनेकवचनी रूप कुराणात नाही; ते रुळले हदीस (पैगंबरांची वचने व कृती यांचे वृत्तांत) वाङ्मयातून.

‘सद्गुण पूर्णत्वास नेण्यासाठी मला पाठविण्यात आले आहे’ या आशयाचे पैगंबरांचे वचन हा या विषयाचा मुख्य आधार मानतात. मात्र त्याचा पाठ सर्वत्र एकसारखा नाही. मालिक इब्न अनस (मृत्यू 795) यांच्या ‘मुवत्ता’त ते ‘हुस्न अल्-अखलाक’ अशा शब्दांत आणि संपूर्ण कथनपरंपरा (कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी) न देता आले आहे. अहमद इब्न हंबल (मृत्यू 855) यांच्या ‘मुस्नद’मध्ये पैगंबरांचे सहकारी अबू हुरैरा यांच्या कथनानुसार ‘सालिह अल्-अखलाक’ असे शब्द आहेत. आज सर्वतोमुखी असलेला ‘मकारिम अल्-अखलाक’ हा पाठ बैहकी (मृत्यू 1066) यांच्या संग्रहात मिळतो. विशेषणे बदलली, तरी ‘पूर्ण करणे’ हे क्रियापद तिन्ही पाठांत कायम आहे, आणि पुढील वादात नेमके तेच महत्त्वाचे ठरते.

हा वाद इस्लामपूर्व अरबांच्या ‘मुरुव्वा’ या कल्पनेभोवती फिरतो. शौर्य, औदार्य, पाहुणचार, दिलेल्या शब्दाची राखण आणि टोळीनिष्ठा हे सारे मुरुव्वात मोडत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हंगेरियन इस्लाम-अभ्यासक इग्नाझ गोल्डझिहर यांनी मुरुव्वा आणि दीन (धर्म) या दोन परस्परविरोधी जीवनदृष्टी असल्याचे मांडले. जपानी अभ्यासक तोशिहिको इझुत्सू यांच्या मते इस्लामने जुने गुण सरसकट टाकून दिले नाहीत. टोळीचा अभिमान आणि सूडबुद्धी वगळून औदार्य, धैर्य, वचनपालन यांना ईश्वरभक्तीचे अधिष्ठान दिले. आधीच काही तरी असल्याशिवाय ‘पूर्ण करणे’ संभवत नाही. त्यामुळे हदीसच्या शब्दांना दुसरे मत अधिक जवळचे वाटते.

मराठी वाचकाला हा शब्द अनोळखी वाटण्याचे कारण नाही. ‘भीडमुर्वत’ आणि ‘बेमुर्वतखोर’ यांतील ‘मुर्वत’ म्हणजे फार्सीमार्गे आलेला मुरुव्वाच होय. वाळवंटातील मर्दुमकीचा हा शब्द फार्सीत माणुसकीचा झाला आणि मराठीत दुसऱ्याचे मन जपण्याचा. ‘इमान’ मूळचे श्रद्धेचे, मराठीत निष्ठेचे. ‘नियत’ आणि ‘अदब’ हे शब्दही याच घरचे आहेत.

नीतिशास्त्र म्हणून अखलाकची मांडणी ग्रीक तत्त्वज्ञानाच्या परिचयानंतर झाली. तत्त्वज्ञ इब्न मिस्कवैह (मृत्यू 1030) यांनी शहाणपण, शौर्य, संयम आणि न्याय या चार गुणांभोवती ती केली. त्यांच्या ग्रंथाच्या आधारे नसीरुद्दीन तूसी यांनी 1235 च्या सुमारास फार्सीत ‘अखलाक-इ नासिरी’ रचला. अकबराला जे ग्रंथ वाचून दाखवले जात, त्यांत हाही होता. धर्मचिंतक गझाली (मृत्यू 1111) यांची व्याख्या सर्वाधिक उद्धृत होते : ज्या स्थिर वृत्तीतून कृती विचार न करता, सहज घडते, ती वृत्ती म्हणजे खुलुक. एखाद्या दिवशी केलेले दान म्हणजे औदार्य नव्हे. हात आपोआप पुढे होऊ लागला म्हणजे औदार्य. सूफींनी याहून पुढची पायरी गाठली. ‘तसव्वुफ म्हणजे खुलुक, जो शीलात तुझ्याहून वरचढ, तो तसव्वुफातही वरचढ’ हे वचन (तसव्वुफ म्हणजे सूफी साधनामार्ग) अबू बक्र अल्-कत्तानी यांच्या नावावर सांगतात.

सत्य, अमानत, सबुरी, शेजाऱ्याचा हक्क, मातापित्यांची सेवा, पाठीमागे निंदा न करणे हे विषय सर्वपरिचित आहेत. व्यवहारातील सचोटीवरचा भर मात्र विशेष नोंदवण्याजोगा आहे. कुराणाचा 83 वा अध्याय मापात मारणाऱ्यांच्या धिक्काराने सुरू होतो. हदीससंग्राहक मुस्लिम इब्न अल्-हज्जाज यांच्या संग्रहातील एका प्रसंगात पैगंबर बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात आणि बोटांना ओल लागते. पावसाने भिजले, असे विक्रेता सांगतो. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे विचारून ‘जो फसवतो तो माझा नव्हे’ असे ते म्हणतात. सांगलीच्या हळद बाजाराशी किंवा हरिपूरच्या जुन्या पेवांशी (हळद साठवण्याच्या जमिनीखालील खड्ड्यांशी) परिचय असलेल्यास ढिगाच्या पोटातली ही ओल वेगळी समजावून सांगावी लागत नाही. हळकुंड वरून वाळलेले दिसते, आतले मोडल्यावरच कळते.

सातारा-सांगली भागात अखलाकची शिकवण ग्रंथांपेक्षा मशिदीतील प्रवचने, मदरसे, दर्गे आणि घरातील वळण यांतून पुढे गेली. मिरजेच्या ख्वाजा शमशुद्दीन मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला (कबरीवर चढवण्याच्या वस्त्राला) मान असतो. कडेगावच्या मोहरमात उंच ताबूत हिंदू आणि मुसलमान मिळून उभारतात. दख्खनी बोलणाऱ्या घरांत ‘अखलाक’ हा शब्द मुख्यतः बोलण्यातली नम्रता, वडीलधाऱ्यांचा मान आणि पाहुण्याची विचारपूस एवढ्यापुरता वापरतात. शास्त्रातील व्यापक अर्थासाठी मराठीत बोलताना तीच माणसे ‘चालचलणूक’ किंवा ‘वागणूक’ म्हणतात.