फ्लॅशचे दूरप्रवर्तन : प्रकाशीय व रेडिओ

कॅमेऱ्यापासून दूर, स्टँडवर किंवा खांबाआड ठेवलेला फ्लॅश शटर उघडण्याच्या क्षणी उडवण्याची योजना. केबल सोडल्यास तिचे दोन प्रकार रूढ आहेत : प्रकाशीय, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा प्रकाश टिपून उडणारा, व्यवहारातला ‘स्लेव्ह’, आणि रेडिओ, म्हणजे ‘ट्रिगर’.

अवरक्त (इन्फ्रारेड) यंत्रणा कोणत्या प्रकारात घालावी, याबद्दल एकमत नाही. प्रकाशाच्या सांकेतिक स्पंदांनी फ्लॅश चालवण्याचे अग्रमान सामान्यतः मिनोल्टाला (१९९० च्या दशकाचा आरंभ) दिले जाते. कॅननची प्रणाली त्याच दशकाच्या उत्तरार्धातली, निकॉनची २००३ ची. विक्रेते या साऱ्यांना ‘वायरलेस’ म्हणून रेडिओच्या पंक्तीला बसवतात. मात्र मधे आडोसा चालत नाही आणि भर उन्हात संकेत क्षीण होतो, ही लक्षणे पाहता त्यांना प्रकाशीय मानणे अधिक सयुक्तिक. कॅननच्या ६००ईएक्स-आरटी (२०१२) या फ्लॅशमध्ये दोन्ही सोयी आहेत.

साध्या स्लेव्हमधील प्रकाशसंवेदकाला प्रकाशाची अचानक वाढ कळते, ती कोणाची हे कळत नाही. पुण्यातल्या मंगल कार्यालयात अक्षता पडताना वधूपक्षाचा छायाचित्रकार, वरपक्षाचा छायाचित्रकार आणि हौशी मामा एकाच वेळी फ्लॅश मारतात. स्लेव्ह प्रत्येकाला साथ देतो आणि नेमक्या फोटोच्या वेळी त्याचा कपॅसिटर (फ्लॅशसाठी वीज साठवणारा घटक) रिकामा असतो. टीटीएलमधील (भिंगातून आलेला प्रकाश मोजून फ्लॅशची तीव्रता आपोआप ठरवण्याची पद्धत) पूर्वस्फुरणानेही, म्हणजे मोजणीसाठी मुख्य फ्लॅशआधी पडणाऱ्या झोतानेही, तो आधीच उडतो. त्यावर उपाय म्हणून स्लेव्हवरचा ‘एस२’ हा पर्याय पहिले स्फुरण सोडून देतो. पूर्वस्फुरणे अनेक असली की तोही चुकतो.

रेडिओ ट्रिगर बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ पासून परवानामुक्त आहे. तरंगलांबी सुमारे १२.५ सेंमी. पाण्याचा अंश मोठा असलेली मानवी शरीरे या लहरी शोषतात. म्हणून लक्ष्मी रस्त्यावरील विसर्जन मिरवणुकीत रिसीव्हर डोक्यांच्या वर धरावा लागतो. जुन्या ४३३ मेगाहर्ट्‌झ संचांची तरंगलांबी सुमारे ६९ सेंमी असल्याने त्या लहरी आडोशाला वळसा घालतात, पण अशा स्वस्त संचांत टीटीएल नसते. काही ट्रिगरना लागणाऱ्या विलंबामुळे सिंक वेगावर (फ्लॅशसोबत वापरता येणारा शटरचा कमाल वेग) चित्राच्या कडेला काळी पट्टी येते. तेव्हा १/२५० ऐवजी १/१६० सेकंदावर यावे लागते. स्लेव्हला ही अडचण जवळजवळ नाही.

सिंहगडावर दुपारी रेडिओच घ्यावा. चुन्याने रंगवलेल्या वाड्याच्या माजघरात भिंतींवरून परतलेला प्रकाश कोपऱ्याआडचा स्लेव्हही उडवतो. पासपोर्ट फोटोच्या छोट्या स्टुडिओत दिव्यातच बसवलेला संवेदक पुरतो.