१.४, २, २.८, ४: लेन्सवरचे आकडे असे का?

पहिला चांगला कॅमेरा घ्यायला निघालेल्यांचा प्रश्न ठरलेला: मेगापिक्सेल किती? खरं तर २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० ठिपके, आणि त्यातून २० इंच रुंदीची सुबक प्रिंट निघते. जाहिराती त्यापुढे काहीही म्हणोत, घरगुती वापराला एवढं भरपूर झालं. पाहायचा आकडा वेगळाच आहे. लेन्सच्या तोंडाशी १:१.८ किंवा १:३.५-५.६ असं छापलेलं असतं, ते आधी वाचा.

हा एफ-नंबर. लेन्सच्या नाभीय अंतराला (फोकल लेंग्थ, ‘५० मिमी लेन्स’ मधले ५० मिमी) अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे आतल्या पात्यांमधल्या भोकाच्या, व्यासाने भागलं की तो मिळतो. ५० मिमी लेन्सचं भोक एफ/२ वर २५ मिमी, एफ/४ वर १२.५ मिमी. व्यास निम्मा झाला तरी क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतं, म्हणून प्रकाश एक चतुर्थांश उरतो. नेमका निम्मा करायचा तर व्यासाला २ च्या वर्गमुळाने, १.४१४ ने, भागावं लागतं. त्यातूनच १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही शिडी तयार होते. एकेका पायरीला फोटोग्राफर ‘स्टॉप’ म्हणतात.

पण भागाकार कशाला, नुसता व्यासच का नाही लिहायचा? मला यातलं हेच सगळ्यात देखणं वाटतं. १०० मिमी लेन्सचं भोक एफ/४ वर २५ मिमीच असतं, ५० मिमीच्या एफ/२ एवढं. समोरच्या डोंगरावरच्या झाडाकडून दोन्हींत सारखाच प्रकाश शिरतो. मात्र १०० मिमी लेन्स त्या झाडाची प्रतिमा दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद पाडते, त्यामुळे तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो. गुणोत्तरात हा हिशेब आधीच झालेला असतो. काचेत थोडा प्रकाश वाया जातो तो सोडला, तर कुठल्याही लेन्सचा एफ/४ सेन्सरवर सारखाच उजेड पाडतो.

फ्लॅशच्या फोटोतले पांढरे गोळे ‘आत्मे’ म्हणून फिरवले जातात, त्यांचाही उलगडा इथेच होतो. ती लेन्सच्या अगदी जवळची धूळ असते. फोकसबाहेरचा प्रकाशबिंदू अ‍ॅपर्चरचाच आकार घेतो, म्हणून चकती दिसते.

मॅन्युअल मोडचा, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवण्याचा, श्रीगणेशा पौर्णिमेच्या चंद्रावर करा. तो उन्हात उजळलेला खडक आहे. रात्र आहे म्हणून शटर सेकंदभर उघडं ठेवलंत, तर नुसता पांढरा ठिपका येईल. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, एफ/११, शटर १/१२५ सेकंद ने सुरुवात करा. मग एफ/८ ला १/२५०, एफ/५.६ ला १/५००. तिन्ही फोटोंत चंद्राचा उजळपणा सारखाच येतो की नाही ते ताडून पाहा.