पिवळा संपतो आणि निळा सुरू होतो तिथे

मिरामारच्या वाळूत बसून सूर्यास्त पाहताना माझी नजर सूर्यावर फार वेळ टिकत नाही. ती जाते त्याच्या वर, पिवळा संपून निळा सुरू होतो त्या पट्ट्याकडे. तिथे पिवळा फिकटत फिकटत जवळजवळ पांढरा होतो आणि नकळत निळ्यात शिरतो.

हेच आकाश गावच्या उत्सवी नाटकाच्या फ्लेक्सवर आणायचं मी ठरवलं. वर निळा, खाली पिवळा, मध्ये ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा उतार. स्क्रीनवर मधोमध उमटला तो मळकट राखाडी पट्टा!

कारण साध्या अंकगणितात आहे. स्क्रीनवरचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत लिहितात, प्रत्येक आकडा ० ते २५५. शुद्ध निळा म्हणजे ०, ०, २५५. शुद्ध पिवळा २५५, २५५, ०. सरासरी काढली की तिन्ही आकडे १२८च्या आसपास येतात, आणि तिन्ही सारखे म्हणजे राखाडी. शिवाय हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. काळोख्या छटांमधले फरक डोळ्याला जास्त जाणवतात, म्हणून त्या छटांना जास्त आकडे दिलेले असतात. परिणामी १२८ला पूर्ण उजेडाच्या जेमतेम २२ टक्केच उजेड मिळतो. आकाशात आकडे नसतात, प्रकाशच प्रकाशात मिसळतो. मावळत्या सूर्याच्या किरणांना माथ्यावरच्या सूर्यापेक्षा जवळपास ३८ पट हवा ओलांडावी लागते. वाटेत निळा विखरून जातो, पिवळा-तांबडा उरतो. मधल्या पट्ट्यात दोन्ही प्रकाशांची बेरीज होते, म्हणून तो उजळ दिसतो.

ब्यॉर्न ओटोसन यांनी २०२० साली मांडलेली ओकेलॅब ही रंगपद्धत डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाच्या हिशेबाने चालते. आजचे ब्राउझर तिच्यातून ग्रेडियंट काढू शकतात आणि मधला मळ बराच कमी होतो. तरी मला स्वतःला मध्ये एक फिकट सायीचा रंग हाताने घालणं जास्त आवडतं, कारण आकाशही तेच करतं.

पण इथे डोळा फसवतो. रंगाचा उतार जिथे एकदम बदलतो, तिथे प्रत्यक्षात नसलेली उजळ किंवा गडद रेघ दिसते. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ साली हे दाखवलं. दृष्टिपटलातल्या पेशी शेजारच्या पेशींचा प्रतिसाद दाबतात, त्यामुळे कडा ठळक होतात. एरवी हा गुण उपयोगाचा, ग्रेडियंटला मात्र मारक. म्हणून तो सायीचा रंग एकटा ठेवू नये. दोन्ही बाजूंना आणखी एकेक छटा देऊन वळण सैल करावं.

रात्रीच्या आकाशाची अडचण वेगळी. राखाडी आकडा २० पासून ५० पर्यंत नेला तर हाती छटा फक्त ३१. १९२० पिक्सेल रुंदीवर त्या पसरल्या की प्रत्येक पट्टा सुमारे ६२ पिक्सेलचा होतो आणि पायऱ्या उघड दिसतात. त्यावर अगदी बारीक दाणेदारपणा पसरला की पायऱ्या विरतात.

अक्षरांसाठी वेबचे सुलभता-निकष, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही वाचता यावं म्हणून ठरवलेले नियम, साध्या मजकुराला किमान ४.५ : १ इतका उजेडातला फरक मागतात. ग्रेडियंटवर तो मोजायचा सर्वांत कच्च्या जागी, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला फरक सगळ्यात कमी असेल तिथे. माझं पांढरं शीर्षक पिवळ्यावर पार बुडालं होतं. शेवटी ते वरच्या गडद निळ्यात नेलं आणि खालचा पिवळा तसाच मोकळा सोडला.