आधीच्या बाप्तिस्म्याला मान्यता: शब्द कोणते चालतात, दाखला कोणता लागतो आणि अर्ज कुठे अडतो

दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्मा घेतलेली व्यक्ती कॅथॉलिक चर्चमध्ये प्रवेश मागते, किंवा कॅथॉलिक व्यक्तीशी चर्चमध्ये विवाह करू इच्छिते, तेव्हा तिचा आधीचा बाप्तिस्मा वैध आहे का हे तपासले जाते. तपासणीचे प्रश्न तीन आहेत: पाणी वापरले होते का, शब्द कोणते उच्चारले गेले, आणि बाप्तिस्मा देणाऱ्याचा हेतू चर्च जे करते तेच करण्याचा होता का. बुडवले की डोक्यावर पाणी ओतले यावरून अर्ज अडत नाही, कारण दोन्ही पद्धती मान्य आहेत. आणि उलट पुरावा नसेल तर योग्य हेतू गृहीत धरला जातो. अर्ज अडतो तो शब्दांवर, आणि त्याहूनही अधिक, ते शब्द उच्चारले गेले होते हे कागदावर दाखवण्यावर.

हा अर्ज कोणी करायचा, हे आधी स्पष्ट करायला हवे, कारण नको त्या रांगेत उभे राहणारे पुष्कळ आहेत. ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन, मेथॉडिस्ट अशा चर्चमध्ये ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे, त्यांचे काम बहुधा नुसत्या दाखल्यावर होते. क्वेकर आणि साल्व्हेशन आर्मी यांच्याकडे पाण्याचा बाप्तिस्माच नसतो, त्यामुळे तिथून येणाऱ्यांनी मान्यतेचा अर्ज न करता दीक्षार्थी, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणारे, म्हणून नाव नोंदवावे. विवाहासाठी आलेल्यांना या तपासणीचा कंटाळा येतो, परंतु तिला कारण आहे: जोडीदाराचा बाप्तिस्मा वैध असेल तर मिश्र विवाहाची परवानगी लागते, आणि वैध नसेल तर त्याहून वेगळी सूट घ्यावी लागते, जी न घेता झालेला विवाह चर्चच्या कायद्यानुसार ग्राह्य ठरत नाही.

कोणते शब्द मान्य आहेत

लॅटिन परंपरेतील वाक्य असे आहे: ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ पौर्वात्य चर्चमध्ये ‘देवाचा सेवक अमुक याचा पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा होत आहे’ असे म्हणतात, आणि हेही पूर्णपणे मान्य आहे. चर्चच्या १४३९ मधील फ्लॉरेन्स परिषदेने तसे लेखी नोंदवले आहे. ‘मी’ हा शब्द नाही म्हणून पौर्वात्य चर्चच्या दाखल्यावर शंका घेणारा कार्यालयीन सेवक भेटलाच, तर त्याला हे वर्ष नम्रपणे सांगावे.

यानंतर येतात ते ‘येशूच्या नावाने’ झालेले बाप्तिस्मे, आणि सर्वाधिक नकार इथेच मिळतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात (२८:१९) पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्या अशी आज्ञा आहे. परंतु प्रेषितांच्या कृत्यांमध्ये (२:३८, ८:१६, १०:४८ आणि १९:५) लोकांनी येशूच्या नावाने बाप्तिस्मा घेतल्याचे वर्णन आहे. एकत्ववादी पेंटेकॉस्टल मंडळ्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या वेगळ्या व्यक्ती नाहीत, तो एकच येशू आहे असे मानणाऱ्या) म्हणतात की मत्तयातील ‘नाव’ एकवचनी आहे, ते नाव येशू हेच आहे, आणि प्रेषितांनी ती आज्ञा कशी पाळली हे कृत्यांमधून दिसते. इतर बहुतेक ख्रिस्ती मंडळ्या असे मानतात की कृत्यांचा लेखक लूक तिथे विधीत उच्चारलेले वाक्य उतरवून देत नसून योहानाच्या बाप्तिस्म्याहून हा बाप्तिस्मा वेगळा कसा, तो कोणाच्या अधिकाराने आहे, एवढेच सांगतो. शिवाय ‘दिदाखे’ या अतिशय जुन्या ख्रिस्ती ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात तिन्ही नावांनी बाप्तिस्मा देण्याची सूचना आढळते. हा वाद अमेरिकेतील पेंटेकॉस्टल चळवळीत १९१३ नंतर पेटला आणि १९१६ मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड या संघटनेत त्यावरून फूट पडली. तिन्ही नावांनी बाप्तिस्मा झालेल्यांना एकत्ववादी मंडळ्या बहुधा पुन्हा पाण्यात उतरवतात.

कॅथॉलिक चर्चचे उत्तर आज स्पष्ट आहे: केवळ येशूच्या नावाने झालेल्या बाप्तिस्म्याला मान्यता मिळत नाही. इतिहासात हे उत्तर इतके सरळ नव्हते, कारण ८६६ मध्ये पोप पहिले निकोलस यांनी बल्गेरियनांना पाठवलेल्या उत्तरात ख्रिस्ताच्या नावाने झालेला बाप्तिस्माही स्वीकारला होता, आणि प्रेषितांना याची खास अनुज्ञा होती असे थॉमस अक्वायनस यांनी मानले. अभ्यासू अर्जदार ही उदाहरणे घेऊन वाद घालायला येतात. त्यांचे वाचन कौतुकास्पद आहे, परंतु त्याने निर्णय बदलत नाही.

आणखी काही वाक्यांबाबत व्हॅटिकनने थेट निर्णय दिले आहेत. तिन्ही नावे बदलून ‘निर्माणकर्ता, उद्धारकर्ता आणि पवित्रकर्ता’ असे शब्द वापरलेला बाप्तिस्मा वैध नाही, असे २००८ मध्ये सांगण्यात आले. ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ हेही चालत नाही, असे २०२० मध्ये जाहीर झाले. त्यामागचा विचार असा की बाप्तिस्मा देणारा ख्रिस्त आहे, विधी करणारा त्याच्या वतीने ‘मी’ म्हणतो, आणि जमलेल्या समुदायाला ती जागा घेता येत नाही. मॉर्मन चर्चचे प्रकरण याहून चमत्कारिक वाटेल, कारण तिथे तिन्ही नावे उच्चारली जातात आणि पाण्यात बुडवलेही जाते, तरीसुद्धा २००१ च्या निर्णयानुसार तो बाप्तिस्मा मानला जात नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या शब्दांचा तिथला अर्थ त्रैक्याच्या, म्हणजे एकाच देवात तीन व्यक्ती आहेत या, ख्रिस्ती शिकवणीपेक्षा मुळातच निराळा आहे, हे त्याचे कारण. शब्द बरोबर असणे आवश्यक आहे, पण तेवढेच पुरेसे नाही, हे या एका निर्णयावरून लक्षात यावे.

अर्जात लोक कुठे चुकतात

अर्जात ‘बाप्तिस्मा कोणत्या शब्दांनी झाला?’ अशा आशयाचा प्रश्न असतो, आणि त्यापुढे असंख्य भाविक प्रेमाने लिहून टाकतात: ‘प्रभू येशूच्या नावाने.’ त्यांना म्हणायचे असते की आमचा बाप्तिस्मा ख्रिस्ती आहे. प्रत्यक्षात त्यांच्या पाळकांनी तिन्ही नावेच उच्चारलेली असतात. कार्यालय मात्र लिहिलेले वाचते आणि अर्ज परत करते. तेव्हा या रकान्यात आपली श्रद्धा व्यक्त करू नये, उच्चारलेले वाक्य जसेच्या तसे लिहावे, आणि ते आठवत नसेल तर अंदाजाने न भरता ‘मंडळीच्या पत्रानुसार’ असे लिहून पत्र जोडावे. पाळकांनी तिन्ही नावे घेऊन पुढे ‘म्हणजेच येशूच्या नावाने’ अशी जोड दिली असेल, तर तेही लपवू नये; असे प्रकरण धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतील विभागाच्या) कार्यालयाकडे जाते आणि तिथे निर्णय होतो.

दुसरी अडचण दाखल्याची. बहुतेक दाखल्यांवर नाव, तारीख, ठिकाण आणि पाळकांची सही एवढेच असते, उच्चारलेल्या शब्दांचा उल्लेख नसतो. दाखला खरा असूनही अपुरा ठरतो तो यामुळे. मंडळीकडून वेगळे पत्र मागावे आणि त्यात पाण्याचा वापर कसा झाला व कोणते वाक्य उच्चारले गेले हे दोन्ही स्पष्ट लिहून घ्यावे. ‘आमच्या मंडळीत शास्त्राप्रमाणे बाप्तिस्मा दिला जातो’ अशा मजकुराचा काही उपयोग होत नाही, कारण शास्त्राप्रमाणे म्हणजे नेमके कसे यावरच तर हा सगळा वाद आहे.

मंडळी बंद पडली असेल, पाळक हयात नसतील, नोंदवही कधी ठेवलीच नसेल, तर काय? इथे अर्जदाराला ‘मूळ दाखला आणा’ एवढेच सांगून परत पाठवणे हा निव्वळ आळस आहे, कारण १९८३ च्या कॅनन लॉमधील, म्हणजे कॅथॉलिक चर्चच्या कायदेसंहितेतील, कलम ८७६ मध्ये यावर सोपी वाट दिलेली आहे: कोणाच्या हक्काला बाध येत नसेल, तर विश्वासार्ह अशा एका साक्षीदाराचे निवेदन पुरते, आणि बाप्तिस्मा प्रौढ वयात झाला असेल तर स्वतः त्या व्यक्तीची शपथ पुरते. आईवडील, बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेले आईबाप (गॉडपेरेंट्स), विधीला उपस्थित असलेले नातेवाईक, यांपैकी कोणीही साक्षीदार होऊ शकते. वडीलधारी माणसे हयात आहेत आणि त्यांची स्मृती शाबूत आहे तोवर हे निवेदन लिहून, सही घेऊन ठेवावे. आज लग्नाचा विचार नसला तरीही.

ध्वनिचित्रफीत असेल तर उत्तम, पण ती आधी स्वतः पाहावी. अमेरिकेतील डेट्रॉईट धर्मप्रांतातील एका धर्मगुरूंनी २०२० मध्ये आपल्या १९९० च्या बाप्तिस्म्याचे घरगुती चित्रण पाहिले, तेव्हा विधी करणाऱ्याने ‘आम्ही’ म्हटल्याचे त्यांना ऐकू आले. बाप्तिस्माच वैध नाही म्हटल्यावर त्यांची धर्मगुरूपदाची दीक्षाही टिकली नाही, आणि त्यांना सर्व संस्कार पुन्हा घ्यावे लागले. फिनिक्स धर्मप्रांतात २०२२ च्या सुरुवातीला याच एका शब्दामुळे, एकाच धर्मगुरूंनी अनेक वर्षांत दिलेले बाप्तिस्मे अवैध मानावे लागले. विधी करणाऱ्याने हौसेने बदललेल्या शब्दाची किंमत ज्याला तेव्हा बोलताही येत नव्हते अशा बालकाने मोठेपणी चुकवावी, हे कठोर आहे यात शंका नाही. परंतु संहितेबाहेर जाऊ नये हा नियम विधी करणाऱ्यालाच बांधण्यासाठी आहे, आणि त्याने तो पाळला असता तर अर्जदाराला ही वेळ आली नसती. अशा प्रसंगी आपला विवाह आपोआप रद्द झाला, असे कोणीही परस्पर ठरवू नये. प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासले जाते आणि ते काम धर्मप्रांताच्या न्यायमंडळाचे आहे.

सहा महिन्यांची अट हीसुद्धा नेहमी चुकीची वाचली जाते. कॅथॉलिक पक्षाकडून विवाहासाठी गेल्या सहा महिन्यांत काढलेला दाखला सहसा मागतात. याचा अर्थ बाप्तिस्मा जुना झाला की निरुपयोगी ठरतो असा नाही. नोंदवहीत नंतर झालेल्या दृढीकरणाच्या (कन्फर्मेशन या संस्काराच्या) वा विवाहाच्या नोंदी चढवल्या जातात, आणि त्या दाखल्यावर याव्यात म्हणून ताजी प्रत हवी असते. तसेच, वैध बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीने प्रवेशासाठी पुनरुत्थानाच्या सणाच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्रीच्या जागरणापर्यंत थांबलेच पाहिजे अशी सक्ती नाही. ते जागरण मुख्यतः नव्याने बाप्तिस्मा घेणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांच्यासोबत सरसकट बसवल्यामुळे अनेकांचे महिने वाया जातात.

शंका उरलीच तर

पुरेशी चौकशी करूनही शंका मिटत नसेल, तर सशर्त बाप्तिस्मा दिला जातो: ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला…’ असे म्हणून पुढे नेहमीचे शब्द. हा विधी खाजगीत करावा आणि त्यामागची कारणे संबंधित व्यक्तीला समजावून सांगावीत, असा नियम आहे. शब्द निश्चितपणे चुकीचे होते असे सिद्ध झाले, तर मात्र सशर्त नव्हे, सरळ बाप्तिस्मा होतो, आणि त्याला ‘दुसरा’ म्हणणे बरोबर नाही, कारण पहिला झालेलाच नसतो.

चौकशी टाळण्यासाठी ‘पुन्हा घेऊन टाका, म्हणजे प्रश्नच मिटला’ असा सल्ला देणारे कमी नाहीत. तो स्वीकारू नये. वैध बाप्तिस्मा एकदाच होतो, ही भूमिका तिसऱ्या शतकात पोप स्टीफन आणि कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्यातील, चर्चबाहेरच्या गटांत झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यावा का या, वादापासून घासून तयार झालेली आहे, आणि कलम ८६९ गंभीर कारणाशिवाय इतर ख्रिस्ती समुदायांतील बाप्तिस्म्यानंतर सशर्त बाप्तिस्मा देण्यासही मनाई करते. जर्मनीतील अकरा चर्चनी २९ एप्रिल २००७ रोजी माग्देबुर्ग येथे एकमेकांच्या बाप्तिस्म्याला लेखी मान्यता दिली आहे. अशी कराराची प्रत आपल्या चर्चसाठी उपलब्ध असेल तर ती अर्जाला जोडावी, निम्मी प्रश्नोत्तरे वाचतात.

बाकीचे सोपे आहे: ओळखीचा पुरावा, अर्ज, धर्मगुरूंची भेट. निर्णय झाल्यावर त्याची लेखी प्रत मागून घ्यावी आणि प्रवेशाच्या नोंदीत आधीच्या बाप्तिस्म्याची तारीख, ठिकाण व मंडळीचे नाव नीट उतरले आहे का हे तिथेच उभे राहून वाचावे. या नोंदीत बाप्तिस्म्याच्या जागी चुकून प्रवेशाची तारीख पडली, तर पुढच्या प्रत्येक दाखल्यावर तीच छापून येते.