ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७

मुलं सांभाळत नाहीत, मारहाण करतात किंवा थेट घराबाहेर काढतात, अशा म्हाताऱ्या माणसांना दाद मागता यावी म्हणून केंद्र सरकारने केलेला कायदा. पूर्ण नाव आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम. ज्येष्ठ म्हणजे ६० वर्षं पूर्ण झालेले, आईवडिलांना मात्र वयाची अट नाही, सावत्र असले तरी चालतं. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाकडे त्यांची प्रॉपर्टी आहे किंवा वारशाने जाणार आहे त्याने सांभाळायचं.

अर्ज कोर्टात नाही, प्रांताधिकाऱ्यांपुढे करायचा. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल, फार तर ३० दिवस वाढवून, हे कायद्यात, बाकी तारीख पे तारीख इथेही चुकत नाही. पोटगी जास्तीत जास्त महिना १०,००० रुपये, म्हणजे पुण्या-मुंबईत दिवसभराची बाई ठेवायची तर तेवढ्यात भागत नाही. ही मर्यादा काढायचं विधेयक २०१९ ला लोकसभेत आलं पण मंजूर काही झालं नाही.

खरा दम आहे तो कलम २३ मध्ये. सांभाळायच्या अटीवर घर-जमीन नावावर करून दिली आणि नंतर मुलाने बघितलंच नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. गोची अशी की "आम्हाला शेवटपर्यंत बघ" हे घरात तोंडी ठरतं आणि दस्तात फक्त "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी" एवढंच छापलेलं असतं. अट होती हे दाखवावं लागेल असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सांगितलं. मग जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात आईला सांभाळीन असं मुलाने वेगळं लिहून दिलेलं होतं, तो कागद दस्ताबरोबर वाचून कोर्टाने बक्षीसपत्र रद्द केलं आणि घराचा ताबाही आईला परत द्यायला लावला. त्यामुळे दस्त करतानाच अट स्पष्ट लिहून घ्यावी, वकील नको म्हणाला तरी.

याची दुसरी बाजूही आहे, सुनेला बाहेर काढायला काही घरांत हाच कायदा वापरला जातो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला मिळालेला राहण्याचा हक्क असा परस्पर डावलता येणार नाही, हे एस. वनिता प्रकरणात २०२० मध्ये ठरलं.

सांभाळायची जबाबदारी असताना म्हाताऱ्या माणसाला कायमचं कुठेतरी सोडून देणं हा कलम २४ खाली गुन्हा, शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जामीन मिळतो. मदतीसाठी हेल्पलाइन १४५६७.