४१ बाइटांची बेरीज

पायथनमध्ये एखादी फाइल इम्पोर्ट केली की शेजारी ‘पायकॅश’ नावाचं फोल्डर उगवतं. त्यात त्या फाइलचा बाइटकोड असतो, म्हणजे पायथनला चालवता येतील अशा, आकड्यांत लिहिलेल्या सूचना. पण हा पायथनचा घरगुती हिशेब. ३.११ ने लिहून ठेवलेली फाइल ३.१२ ला दिली, तर तो ‘बॅड मॅजिक नंबर’ (आवृत्तीची खूण जुळत नाही) म्हणून ती परत करतो. एकदा कंपाइल केलेला कोड लॅपटॉपवर, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आणि उपकरणांत बसणाऱ्या एखाद्या मायक्रोकंट्रोलर चिपवर तसाच चालवायचा असेल, तर हा बाइटकोड कामाचा नाही.

वेबअसेम्ब्ली या, मुळात ब्राउझरांसाठी घडवलेल्या सूचनासंचाचा बाइटकोड त्यासाठी बरा पडतो. २०१५ साली त्याची घोषणा झाली, २०१७ मध्ये चारही मोठ्या ब्राउझरांनी तो स्वीकारला आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने त्याला प्रमाणक म्हणून मान्यता दिली. नावात वेब असलं तरी ब्राउझरची गरज नाही. वॅझम३ नावाचा सी भाषेत लिहिलेला छोटा इंटरप्रिटर (सूचना एकेक करून वाचून चालवणारा प्रोग्राम) तो चालवतो. कोडसाठी साधारण ६४ किलोबाइट आणि १० किलोबाइट रॅम एवढ्यात त्याचं भागतं, म्हणून तो ईएसपी३२ सारख्या चिपवरही बसतो. पायथनसाठी त्याचं पॅकेज आहे पायवॅझम३. पिपने (पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरने) ते उतरवताना तुमच्या मशीनसाठी तयार बांधणी मिळाली नाही, तर सी कंपायलर आणि पायथनच्या हेडर फाइली लागतात. इन्स्टॉल अडलं तर बहुधा इथेच अडतं.

दोन आकड्यांची बेरीज करणारं वेबअसेम्ब्लीचं एक अख्खं मॉड्यूल (कंपाइल केलेला प्रोग्राम) दशमान पद्धतीत असं दिसतं:

० ९७ ११५ १०९ १ ० ० ०
१ ७ १ ९६ २ १२७ १२७ १ १२७
३ २ १ ०
७ ७ १ ३ ९७ १०० १०० ० ०
१० ९ १ ७ ० ३२ ० ३२ १ १०६ ११

पहिली ओळ ओळखपत्राची: चार ठरलेले बाइट आणि आवृत्ती १. पुढची प्रत्येक ओळ हा एक विभाग. त्यातला पहिला आकडा विभागाचा क्रमांक, दुसरा त्याची लांबी. दुसऱ्या ओळीतला १२७ म्हणजे ३२ बिटांचा पूर्णांक. तसे दोन आत येतात, एक बाहेर जातो. चौथ्या ओळीत बाहेर दिसणारं नाव आहे: आधी लांबी ३, मग ‘ॲड’ची तीन इंग्रजी अक्षरं. खरं काम शेवटच्या सहा आकड्यांत. ३२ ० म्हणजे पहिला आकडा चळतीवर (स्टॅकवर) ठेव, ३२ १ म्हणजे दुसरा ठेव, १०६ म्हणजे वरचे दोन उचलून त्यांची बेरीज ठेव, ११ म्हणजे संपलं.

हे आकडे इंग्रजीत उतरवून घ्यायचीही गरज नाही. पायथनचं ‘इंट’ फंक्शन देवनागरी अंक वाचतं. पाचही ओळी तिहेरी अवतरणात टाका, ‘स्प्लिट’ करा, प्रत्येकावर ‘इंट’ चालवा आणि यादी ‘बाइट्स’ला द्या. लांबी ४१ भरली पाहिजे.

पुढची पावलं ठरलेली आहेत. आधी पायवॅझम३ चं एन्व्हायर्नमेंट तयार करायचं. त्यातून रनटाइम, म्हणजे कोड चालण्याची जागा, मागायचा. मागताना स्टॅकसाठी किती बाइट हवेत ते सांगायचं, इथे १०२४ पुरेत. मग बाइट पार्स करून (वाचून, उलगडून) मॉड्यूल घ्यायचं, ते रनटाइममध्ये लोड करायचं आणि नावाने फंक्शन शोधायचं. जे हाती येतं ते पायथनच्या नेहमीच्या फंक्शनसारखंच बोलावता येतं. २ आणि ३ दिले की ५. आता २,१४,७४,८३,६४७ आणि १ देऊन पाहा: उत्तर येतं उणे २,१४,७४,८३,६४८. पायथनचे पूर्णांक हवे तेवढे वाढतात, १२७ क्रमांकाचे ३२ बिटांतच फिरतात.

नाव बदलायचं असेल तर तेही जमतं, कारण वेबअसेम्ब्लीत नावं यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) मध्ये असतात. ‘बेरीज’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, पायथनच्या ‘लेन’ला पाच चिन्हांचा (वेलांटी आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात) आणि यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइटांचा. म्हणून नावाची लांबी ३ ऐवजी १५ लिहायची आणि विभागाची लांबी ७ ऐवजी १९. मॉड्यूल ५३ बाइटांचं होतं. दुसरी दुरुस्ती विसरली की पार्स करतानाच गाडी अडते. लांबी १२७ च्या पुढे गेली की ती सात-सात बिटांच्या तुकड्यांत लिहावी लागते. १२८ लिहायचे तर १२८ १ असे दोन बाइट. हाताने मॉड्यूल लिहिण्याची हौस इथवरच ठेवावी. पुढचं काम सीच्या क्लँग या कंपायलरचं किंवा रस्ट भाषेच्या कंपायलरचं.

आता हा प्रश्न येतोच: पायथन स्वतः इंटरप्रिटर, त्याच्या आत दुसरा इंटरप्रिटर, मग वेग कसला? पायथनला अधिकचं चिन्ह दिसलं की दोन्ही बाजूंच्या वस्तू कोणत्या प्रकारच्या आहेत ते पाहून मगच बेरीज ठरते, आणि उत्तरासाठी बहुतेक वेळा नवी वस्तू घडवावी लागते. १०६ ला हे काही विचारावं लागत नाही. वॅझम३ आणखी एक काम करतो. फंक्शन पहिल्यांदा लागतं तेव्हा तो त्याचं स्वतःच्या अंतर्गत सूचनांमध्ये रूपांतर करतो. ‘पहिला ठेव, दुसरा ठेव, मिळव’ यातले दोन ‘ठेव’ तिथे उरतच नाहीत. ‘या दोन जागांची बेरीज कर’ एवढी एकच सूचना राहते. प्रत्येक सूचना म्हणजे सीचं एक छोटं फंक्शन. ते शेवटी पुढच्या फंक्शनला हाक मारतं आणि सीचा कंपायलर त्या हाकेची साधी उडी करतो. कंपाइल करताना ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्यासाठी कंपायलर करतो ते फेरफार) बंद असेल तर ही उडी होत नाही, हाकांवर हाका साचतात आणि सीचा खरा स्टॅक फुटतो. मायक्रोकंट्रोलरवर डीबग बांधणी अचानक कोसळली तर आधी हेच तपासावं.

तरीही तो इंटरप्रिटरच. थेट मशीन कोड बनवणारी इंजिनं त्याच्यापेक्षा साधारण चार-पाच पट वेगवान असतात. शिवाय पायथनमधून आत जाण्याची किंमत दर खेपेला पडते. एकेक बेरीज आत पाठवली तर पायथनची साधी बेरीजच लवकर होईल. दहा लाख फेऱ्यांचा लूप असेल तर लूपच आत ठेवायचा.

सगळ्यात जास्त डोकेदुखी होते ती या सीमेवर, कारण सीमा ओलांडतात ते फक्त आकडे. मजकूर, यादी, चित्र यातलं काही थेट जात नाही. मॉड्यूलची मेमरी म्हणजे ६४ किलोबाइटच्या पानांची सलग पट्टी. मजकूर त्या पट्टीत लिहायचा, आणि फंक्शनला दोन आकडे द्यायचे: तो कुठे सुरू होतो आणि किती बाइटांचा आहे. इथे ‘लेन’ने मोजलेली लांबी दिली तर ‘बेरीज’चे पाचच बाइट वाचले जातात: ‘ब’ आणि मात्रेचा तुटका तुकडा. आधी यूटीएफ-८ करायचं, मग मोजायचं. इंग्रजी मजकुरावर ही चूक कधी दिसतच नाही, म्हणून चाचणी नेहमी मराठीत करावी.

पायथनमधून ही पट्टी मेमरीव्ह्यू (मेमरीकडे थेट पाहणारी वस्तू) म्हणून दिसते. आतल्या कोडने जादा पानं मागितली की पट्टी दुसरीकडे हलू शकते आणि हातातला जुना व्ह्यू भलतीकडेच पाहत राहतो. प्रत्येक हाकेनंतर तो नव्याने मागून घ्यावा. रस्टने बनवलेलं मॉड्यूल नुसत्या स्टॅकसाठी १ मेगाबाइट, म्हणजे १६ पानं धरतं. लॅपटॉपवर ते कळतही नाही, छोट्या चिपवर मात्र लोड होतानाच नकार मिळतो. लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामला) स्टॅक कमी करायला सांगावं लागतं.

मॉड्यूलला स्वतःहून फाइल उघडता येत नाही, घड्याळ दिसत नाही, पडद्यावर काही छापताही येत नाही. जे हवं ते पायथनने फंक्शन म्हणून जोडून द्यायचं. लोड केल्यानंतर, पण फंक्शन शोधण्याआधी. जोडताना किती आणि कोणत्या प्रकारचे आकडे आत-बाहेर जातील ते सांगावं लागतं. ते मॉड्यूलशी जुळलं नाही किंवा एखादं जोडायचं राहिलं, तर चूक स्पष्ट शब्दांत कळते. शून्याने भागणं आणि मेमरीच्या हद्दीबाहेर जाणंही आतच पकडलं जातं आणि पायथनला नेहमीचं एक्सेप्शन मिळतं. नवे कंपायलर आपणहून नव्या सूचना वापरतात, त्यातल्या सगळ्या वॅझम३ ला येत नाहीत. एकाच सूचनेत अनेक आकडे हाताळणाऱ्या सिमड सूचना तर बंदच ठेवाव्या लागतात.

पकडलं जात नाही ते न संपणारं लूप. कंट्रोल-सी दाबलं तर पायथनकडे नोंद होते, पण ती पाहायची पाळीच त्याच्यावर येत नाही, कारण ताबा आतल्या इंटरप्रिटरकडे असतो. परका कोड चालवायचा असेल तर तो वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवावा आणि वेळेची मर्यादा बाहेरून घालावी. पाच सेकंदांत उत्तर आलं नाही की प्रोसेस मारायची, आणि पुढच्या कामासाठी तेच बाइट नव्या प्रोसेसमध्ये पुन्हा लोड करायचे.